पेटीतली पाखरं

सावदा,
१० मार्च २०२५

चि. सौ. मोहिनी हिस आशीर्वाद.

फोन केला नाही. फोनवर तू बोलायला लागलीस की मी गप्प होते आणि काय बोलायला हवं होतं ते मला दोन दिवसांनी सुचतं. म्हणून लिहिते.

आईचं दिवसकार्य आटोपलं, त्या गंधमुक्तीच्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर तू मला स्टीलचा मोठा डबा दिलास. त्यात कुरडया आणि शेवया होत्या, गेल्या उन्हाळ्यात आईने केलेल्या. आता तिच्या हातचं एवढंच उरलंय, असं तू म्हणालीस. डबा मी सावद्याला आणला आणि वरच्या फळीवर ठेवला. दोन महिने त्याला हात लावला नाही. झाकण काढलं की वास येईल, आणि तो एकदा उडाला की परत येणार नाही, असं वाटायचं.

काल होळीसाठी चार कुरडया तळाव्यात म्हणून डबा खाली घेतला. झाकण काढलं तर दोन पाखरं उडाली. आत कोळ्यासारखं जाळं. शेवया एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला. कुरडया हातात घेतल्या तर खालून पीठ गळायला लागलं आणि पिठात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

मी शाळेत प्रयोगशाळेचं काम बघते, त्यामुळे अंदाजाने बोलत नाही. एक पाखरू काचेच्या नळीत घालून नेलं आणि भिंगाखाली पाहिलं. नखाच्या निम्म्याएवढं. पंखांचा अंगाकडचा भाग राखाडी आणि मागचा तांब्याच्या रंगाचा. हे धान्यातले टोके, म्हणजे सोंडकिडे, नाहीत. टोके जाळं करत नाहीत. ही धान्याची पाखरं. एका दिवसात होत नाहीत. डबा तू दिलास तेव्हाच त्यात अंडी होती.

आईने शेवटच्या वर्षात काय खाल्लं असेल, याचा मी काल दिवसभर विचार केला. तुझ्या स्वयंपाकघरात पाखरं उडत होती आणि तुला ती दिसली नाहीत, असं मला पटत नाही.

३० एप्रिलला आखाजी, अक्षय्य तृतीया आहे. आईच्या नावाने पहिल्यांदाच घागर भरायची. तिच्यापुढे तिच्याच हातच्या कुरडया ठेवायच्या असं मी ठरवलं होतं. आपल्याकडे मयत झालेल्या घरात वर्षभर कुरडया करत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. आता घागरीपुढे काय ठेवायचं ते तू सांग.

ललितला आशीर्वाद.

कोकिळा

*

देवपूर, धुळे
१६ मार्च २०२५

ती. अक्का यांस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं असतं, पण तुमचे भाऊ माझा फोन बघतात आणि प्रत्येक वेळी "जाऊ दे ना" म्हणतात. मला या वेळी जाऊ द्यायचं नाही.

आधी डब्याचं. तुमच्याकडे डबा दिला तेव्हा माझ्या वाटणीचा दुसरा डबा घरात होता. तो मी फेब्रुवारीत उघडला आणि तुमच्यासारखंच सगळं पाहिलं. गच्चीवर जाऊन एकटी रडले आणि टाकून दिलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमचा तरी चांगला असेल असं वाटत होतं. त्या कुरडयांचा चीक मी ढवळलाय, अक्का. आईंनी सोऱ्या धरला आणि मी फिरवला. चौदा उन्हाळे. तुम्ही एकदाही आला नाहीत. तुमच्या कुरडया दर वर्षी गाडीवाल्याबरोबर आयत्या यायच्या.

आता पाखरांचं. दसऱ्यापासून आमच्या घरात पाखरं आहेत. तेव्हापासून मी स्वयंपाकघर चार वेळा रिकामं केलंय. दादर ज्वारी उन्हात घातली. गव्हाला एरंडेल चोळलं, कोठीत बिब्बे टाकले, कडुनिंबाचा पाला कोंबला. दोन आठवडे बरं जायचं, की पुन्हा संध्याकाळी दिव्याभोवती चार पाखरं. रूपाच्या डब्यात भाकरीला अळी निघाली. कॉलेजातून आली ती थेट माझ्यासमोर डबा आपटला. "मम्मी, आज कीटकशास्त्राचा तास होता का?" मी तिला मारलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला. सांगायचं एवढंच की मला दिसलं नाही असं समजू नका.

स्वयंपाकघरात मूळ सापडत नाही तर घरात दुसरीकडे कुठेतरी आहे, हे मला भिंगाशिवाय कळतं. एकच जागा मी पाहिलेली नाही. आईंच्या खोलीत कॉटखाली त्यांची पत्र्याची पेटी आहे. दिवाळीच्या आधी मी त्यांना म्हटलं होतं, आई, पेटी एकदा उघडून झटकून देते. त्या इतक्या चिडल्या की दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

आणि त्या पेटीची किल्ली तुमच्याकडे आहे. गंधमुक्तीच्या दिवशी सत्तर माणसं जेवून हात धूत होती तेव्हा तुम्ही आईंच्या खोलीत गेलात, पेटीला कुलूप लावलंत, ते ओढून पाहिलंत आणि किल्ली पर्समध्ये टाकत म्हणालात, "आखाजीला मी येईन. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही." कोणी म्हणजे कोण? घरात मी, तुमचे भाऊ आणि रूपा. सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. रुपचंद नानांनी पाहिलं, तुमच्या मालेगावच्या मावशीने पाहिलं. त्यानंतर गल्लीतल्या सुमनबाई मला विचारून गेल्या, "पेटीत सोन्याची पोत होती ना सासूबाईंची?"

किल्ली पाठवा. स्पीड पोस्टने पाठवा.

मोहिनी

*

सावदा,
२१ मार्च २०२५

चि. सौ. मोहिनी हिस आशीर्वाद.

किल्ली पाठवणार नाही. मी आखाजीला येईन आणि सगळ्यांसमोर पेटी उघडेन. माझ्या मनात संशय का आला ते तू विचारलं नाहीस, पण सांगते.

मी आईला दर रविवारी सकाळी फोन करायचे. दिवाळीच्या सुमारास तिने सांगितलं की मोहिनी पेटी उघडायला मागते. दोनदा सांगितलं. म्हाताऱ्या बाईची पेटी तिच्या देखत कोण उघडायला मागतं आणि कशासाठी, हे तूच मला सांग.

ती माझ्याकडे कधी तक्रार करायची नाही, हा तिचा स्वभाव होता. दर महिन्याला मी तिच्यासाठी खाऊ पाठवत होते. नाचणीचं सत्त्व, खजूर, बदाम, राजगिऱ्याचं पीठ. केळीची गाडी धुळ्यावरून जायची, ड्रायव्हर देवपूरला उतरवून द्यायचा. डॉक्टरांनी तिचं रक्त कमी सांगितलं होतं. ते भरून यावं म्हणून मी पाठवायचे. दर रविवारी विचारायचे, "खातेस ना? संपलं का? अजून पाठवू?" ती म्हणायची, "शे ना, बठ्ठं शे." लग्न होऊन तीस वर्षं झाली, आमच्या सावद्याकडची बोली वेगळी, पण आईचं ते "शे" ऐकलं की मला कापडण्याचं आमचं जुनं घर दिसायचं. बठ्ठं शे, म्हणजे मला काही कमी नाही. तिच्या तोंडून मी तुझ्या घराबद्दल कधी वाईट ऐकलं नाही. म्हणूनच पेटीचं ऐकलं तेव्हा मी ते खरं धरलं.

आता पाखरांविषयी. तू केलेले सगळे उपाय टोक्यांचे आहेत. एरंडेल, बिब्बे, कडुनिंब यांनी पाखरं जात नाहीत. नीट वाच आणि तसं कर.

उडणारं पाखरू काही खात नाही. खाते ती अळी. म्हणून पाखरं मारत बसून उपयोग नाही. अळी वाढली की अन्न सोडून वर चढते आणि भिंतीच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला, फळीखाली कोष करते. छताजवळ अळ्या दिसल्या तर त्या तिथे जन्मल्या असं समजू नको, खालून आलेल्या असतात. रोज एकाच वेळी भिंतीवरच्या अळ्या बघ. कुठल्या बाजूला जास्त आहेत ते लिहून ठेव. तीन-चार दिवसांत मूळ कुठे आहे ते कळतं. मूळ म्हणजे सगळ्यात जास्त जाळं. ते बहुतेक वेळा न फोडलेल्या पाकिटात असतं, कारण बंद पाकिटाकडे कोणी बघत नाही. पातळ प्लास्टिक या अळ्या कुरतडतात. डब्यांच्या झाकणांच्या आट्यांतही बघ. फळीवरचे कागद काढून टाक.

मूळ सापडलं की ते दोन पिशव्यांत घट्ट बांधून घराबाहेर काढायचं. फळ्या, भेगा, खिळ्यांची भोकं साबणाच्या पाण्याने पुसायची. चांगलं दिसणारं धान्य आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे अंडी मरतात. मग रबराच्या कडेच्या हवाबंद डब्यात. नवीन आणलेलं पीठही आधी फ्रीजर आणि मग डबा.

हे मी तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. रूपाच्या भाकरीत पुन्हा अळी निघू नये म्हणून लिहिलंय.

कोकिळा

*

देवपूर,
२८ मार्च २०२५

अक्का,

तुमचं पत्र मी फ्रीजवर चिकटवलं आणि तुम्ही सांगितलं तसंच केलं. एक शब्द इकडे-तिकडे नाही.

रूपाने वहीत चार भिंतींचे चार रकाने आखले. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन अळ्या. आईंच्या खोलीत, कॉटमागच्या भिंतीवर, एकोणीस. दुसऱ्या दिवशी चार आणि सव्वीस. तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर आडवी पडून टॉर्च मारला. पेटीच्या मागच्या बिजागरीच्या फटीतून अळी बाहेर येताना मी डोळ्यांनी पाहिली. तिच्यामागे दुसरी.

तरीही मी कुलुपाला हात लावला नाही. तुमच्या भावांना सांगितलं, आज अर्धा दिवस रजा टाका. रुपचंद नानांना रिक्षा पाठवून बोलावलं, कारण तुमच्या वडिलांच्या मागे घरात तेच मोठे. शेजारच्या मंजुळाबाईंना बोलावलं, कारण त्यांनी पाहिलं की गल्लीत वेगळं सांगायला लागत नाही. मी दारात उभी राहिले, हात मागे बांधून. तुमच्या भावांनी करवतीच्या पात्याने कुलूप कापलं.

झाकण उघडल्यावर जे उडालं ते पाहून मंजुळाबाई पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. "माय वो, हाई काय शे?" नाना म्हणाले, "बाजूले व्हा बठ्ठा."

वर दोन नऊवारी, जाळ्याने माखलेल्या. तुमच्या वडिलांचा चष्मा. पोत होती, रुमालात बांधलेली. नानांनी ती हातात घेऊन मणी मोजले आणि तुमच्या भावांकडे दिली. मी तिला हात लावलेला नाही, हे चार माणसांनी पाहिलंय.

त्याखाली पाकिटं. सतरा.

नाचणीचं सत्त्व, खजूर, बदाम, राजगिऱ्याचं पीठ. तुम्ही पाठवलेलं. प्रत्येकावर तुमचं अक्षर, "आई, रोज दोन चमचे, दुधातून" आणि खाली तारीख. एकही फोडलेलं नाही. अळ्यांनी फोडलं तेवढंच. सत्त्वाच्या पाकिटांत सत्त्व नव्हतंच, नुसतं जाळं आणि काळी घाण. खालून सगळं जाळ्याने एकमेकांना शिवल्यासारखं झालं होतं. उचलायला गेलं की सगळंच वर यायचं.

आमच्या घराला लागलेली कीड सावद्याहून आली, अक्का. दर महिन्याला केळीच्या गाडीने आली. माझा डबा त्यानेच गेला आणि तुमचाही.

तुम्ही त्यांना विचारायचात, संपलं का, आणि त्या सांगायच्या, बठ्ठं शे. तेव्हा मी बाजूलाच बसलेली असायचे. तुम्हाला वाटलं, काही कमी नाही. तीस वर्षं सावद्यात राहून माय बोलते ते ऐकायचं विसरलात का? मी जळगावकडची, मला अहिराणी नीट येत नाही, तरी मला कळतं. बठ्ठं शे म्हणजे सगळं आहे. त्या खोटं बोलल्या नाहीत. सगळं होतं. पेटीत होतं. मला मात्र वाटायचं, पाकीट आलं की त्या खोलीत नेतात आणि आपल्याआपण खातात. सासूच्या खाण्यावर कोण नजर ठेवतं? मला एवढंच माहीत होतं की कधीतरी मी म्हटलं, आई, तो खजूर द्या, दुधात भिजवते, तर त्या म्हणाल्या, "कोकी ई तव्हय फोडसू." कोकी येईल तेव्हा फोडू. मला वाटलं, त्या एकाच पाकिटाचं बोलतात.

तुम्ही सव्वा वर्ष आला नाहीत.

पाकिटं मी फेकलेली नाहीत. दोन-दोन पिशव्यांत बांधून गच्चीवरच्या पिंपात ठेवलीत. फेकली असती तर तुम्ही म्हणाला असतात की नव्हतीच.

आता माझं एक ऐका. गंधमुक्तीला तुम्ही सत्तर माणसांसमोर मला चोर ठरवलंत. शब्द उच्चारला नाहीत, पण कुलूप ओढून पाहिलंत. आखाजीला तीच माणसं घागरीला येणार आहेत. त्यांच्यासमोर ते परत घ्या. कानात नाही, फोनवर नाही, पत्रातही नाही. नाही घेतलंत तर मी घागर भरेन, कारण त्या माझ्या सासू होत्या, पण तुमच्या पंगतीला वाढणार नाही. यापुढे कधीच नाही.

मोहिनी

*

देवपूर,
९ एप्रिल २०२५

अक्का,

बारा दिवस झाले. पोस्टमनला विचारलं, पत्र पोचल्याची सही आहे. तुमच्या भावांनी फोन केला तर नवल भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, "ती शाळेत गेली." रविवार होता.

खोली धुतली. पेटी उन्हात उलटी ठेवलीय. काल संध्याकाळी एकच पाखरू दिसलं. तुमची पद्धत बरोबर आहे, एवढं कबूल करते.

कुरडयांचं काय करायचं ते कळवा. मयताच्या घरात मला करता येत नाहीत आणि दुकानातल्या मी त्या बाईच्या घागरीपुढे ठेवणार नाही.

मोहिनी

*

सावदा,
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,

तू कुलूप तोडायला नको होतंस. हे मी आधी लिहिते, कारण मला ते अजून बोचतं. पेटी माझ्या आईची होती आणि ती माझ्यासमोर उघडायला हवी होती. दहा-बारा दिवसांपूर्वी मी याच्यापुढे चार पानं लिहिली होती. ती फाडली.

सव्वा वर्ष का आले नाही, ते सांगते. २०२३ च्या दिवाळीत मी आईच्या औषधाच्या गोळ्या मोजल्या आणि तीन जास्त निघाल्या. तुला विचारलं. तू ओट्यापाशी उभी होतीस, वळलीही नाहीस. म्हणालीस, "अक्का येतात आणि तपासणी करून जातात." ललित हसला. मी बॅग भरली. आई फाटकापर्यंत आली होती. बोलवल्याशिवाय यायचं नाही असं मी ठरवलं आणि तुम्ही दोघांनी बोलवलं नाही. मला वाटलं, माझ्याऐवजी पाकीट गेलं तरी चालेल. पोचलं की नाही एवढं विचारलं की माझं काम झालं. तिने बोलवलं का, याचा मी खूप विचार केला. ती दर वेळी म्हणायची, "सुट्टी मियनी का?" सुट्टी मिळाली का. मी म्हणायचे, नाही.

मला तुझा राग येतो. ललितचा येतो, सख्खा भाऊ असून तो हसला म्हणून. पण सगळ्यात जास्त आईचा येतो. तिने एक पाकीट फोडायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी लिहून दिलं होतं, दूध घरात होतं. खायचं सोडून तिने ते कुलपात ठेवलं, माझी वाट बघत, आणि मी तिकडे पाठवत राहिले. मेलेल्या माणसावर असं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. शाळेत काचेची नळी धुताना फुटली आणि मी मुलींसमोर ओरडले. गेल्या सव्वीस वर्षांत मी शाळेत ओरडलेली नाही.

मला दोन गोष्टी कळव. सगळ्यात जुन्या पाकिटावर कोणती तारीख आहे? आणि शेवटचं पाकीट आलं तेव्हा तिला उठून बसता येत होतं का?

कुरडया मी करेन. लेकीला सुतक तीन दिवसांचं, माझ्या घरात वर्षाची बंदी नाही. मी कधी केल्या नाहीत, हे तू लिहिलंस ते खरं आहे. कशा करायच्या ते लिहून पाठव. चमच्याने आणि तासांनी लिही. "अंदाजाने" असं लिहू नको.

तू जे मागितलंस त्याबद्दल. मी चार माणसांसमोर बोलू शकत नाही. शाळेच्या बैठकीतही माझं नाव आलं की मी उभी राहते आणि बसते. तुला ही सबब वाटेल.

कोकिळा

*

देवपूर,
१७ एप्रिल २०२५

ती. अक्का यांस सा. न.

जुन्या पाकिटावर ५ डिसेंबर २०२३. दिवाळीनंतर तुम्ही गेलात, त्यानंतरचं पहिलंच असेल. शेवटच्यावर १४ डिसेंबर २०२४. तेव्हा त्या उठून बसत होत्या. ते पाकीट त्यांनी स्वतः उठून पेटीत ठेवलं. कुलपात किल्ली बसेना म्हणून मी पुढे झाले, तर म्हणाल्या, सरक.

गोळ्यांचं मला आठवतं. तीन जास्त होत्या कारण त्या कडू लागतात म्हणून आई त्या थुंकायच्या आणि मी दुसरी पट्टी फोडायचे. हिशोब चुकायचाच. तेव्हाच हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्ही ज्या आवाजात विचारलंत, तो आवाज ऐकला की मला काही सांगावंसं वाटत नाही.

कुरडया. गहू चार किलो, बन्सी जातीचा मिळाला तर बघा. तीन दिवस भिजत घालायचा. पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी वाटायचा, पाणी घालून पिळायचा, फडक्यातून गाळायचा. चीक एक रात्र निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतायचं. चीक पातेल्याने मोजायचा, जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. मग एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने ढवळायचं, थांबायचं नाही. एकटीला होत नाही, नवल भाऊजींना उभं करा. काचेसारखी चकाकी आली की शिजला. गरम असतानाच सोऱ्यात. बोटं भाजतात, भाजू द्या. दोन दिवस कडक ऊन, तिसऱ्या दिवशी उलटवून. वाजल्या पाहिजेत. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर घाम धरतात. डब्याचं तुम्हीच मला शिकवलंत.

मीठ किती, हे चमच्याने मला सांगता येणार नाही. चाखून बघा. मीही तशीच शिकले.

सबबीचं. बोलता येत नसेल तर लिहा. मी पत्र नको म्हटलं होतं, कारण पत्र माझ्या एकटीच्या हातात राहतं. सगळ्यांसमोर वाचलं गेलं तर मला चालेल. रूपा वाचेल, तिचा आवाज मोठा आहे. तुम्ही मात्र तिथे समोर बसलेल्या पाहिजेत. खोलीत जाऊन बसायचं नाही.

मोहिनी

*

देवपूर,
आखाजी, ३० एप्रिल २०२५

(घागर भरून झाल्यावर, जेवणाआधी, रूपाने मोठ्याने वाचावे.)

रुपचंद नाना, मावशी आणि जमलेले सर्व यांस कोकिळाचा नमस्कार.

मी इथे समोर बसले आहे. मला बोलता येत नाही म्हणून लिहून दिलं आहे.

जानेवारीत याच घरात, तुमच्या सगळ्यांसमोर मी आईच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. त्यावरून तुम्हाला जे वाटलं, ते तसंच वाटावं असा माझा हेतू होता. नंतर मी नाही म्हणू शकले असते, पण हेतू तोच होता.

पेटीतलं काहीही गेलेलं नाही. पोत नानांनी पाहिली आहे. मोहिनीने त्या पेटीला आईच्या हयातीत आणि नंतरही, ती चार माणसांसमोर उघडेपर्यंत, हात लावला नाही. ती पेटी उघडायला मागत होती, कारण घरात पाखरं झाली होती आणि त्यांचं मूळ तिला शोधायचं होतं. तिचं बरोबर होतं. मूळ त्याच पेटीत होतं. मी आईला पाठवलेल्या खाऊची सतरा पाकिटं आईने न फोडता ठेवली होती, मी येईन तेव्हा फोडायची म्हणून. मी आले नाही. त्यांना कीड लागली, ती घरभर झाली आणि आईच्या हातच्या कुरडया त्यात गेल्या. पाकिटं आज सकाळी मी आणि मोहिनीने मिळून पुरली. ज्यांना शंका असेल त्यांना मंजुळाबाई जागा दाखवतील.

आई शेवटचं वर्षभर मोहिनीच्या हातचं जेवली. त्यात मला दोष काढता येईल असं काही मी पाहिलेलं नाही. मी पाहायलाच आले नव्हते.

सुमनबाई आल्या असतील तर त्यांनी ऐकावं. त्यांनी पोतीचं मोहिनीला विचारलं होतं. पुढे काही विचारायचं असेल तर मला विचारावं. माझा सावद्याचा पत्ता ललितकडे आहे.

घागरीपुढच्या कुरडया मी केल्या आहेत. पहिला घाणा करपला, दुसरा जमला. मीठ जास्त झालं आहे. मोहिनीने सकाळी एक चाखली आणि बाकीच्या घागरीपुढे मांडल्या.

मला अजून राग आहे, आणि तिलाही आहे. तो आमचा आम्ही बघू. त्यात कोणी पडू नये. रूपाने हा कागद वाचून झाला की कोणी मला जवळ घ्यायला किंवा समजूत घालायला उठू नये. मोहिनी वाढायला उभी आहे. पानावर बसावं.

कोकिळा